शून्य म्हणजे 'माहीत नाही' नव्हे

परवा गुरुवारी ऑफिसात एका कोड रिव्ह्यूवरून माझं आणि टीममधल्या एका पोराचं वाजलं. भांडण म्हणता येणार नाही, पण आवाज चढले आणि पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनी गुपचूप हेडफोन चढवले.

मुद्दा एका ओळीचा होता. फॉर्ममधून रक्कम येते, ती अक्षरांच्या रूपात, म्हणजे आपली स्ट्रिंग. तिचा आकडा करायचा. पोरानं जावास्क्रिप्टमधलं 'पार्सइंट' लावलं आणि पुढे 'किंवा'च्या दोन उभ्या दांड्या देऊन शून्य लिहिलं. अर्थ असा, की आकडा निघाला तर ठीक, नाही निघाला तर शून्य धर आणि पुढे चल.

"नाहीतर शून्य का?" मी विचारलं.

"अरे, नाहीतर नॅन येतो आणि पुढे सगळीकडे पसरतो. स्क्रीनवर घाण दिसतं. शून्य सेफ आहे."

शून्य सेफ आहे! हे वाक्य मी गेली पंधरा-सोळा वर्षं ऐकतोय. ज्युनिअरांकडून ऐकलं, आर्किटेक्टांकडून ऐकलं, आणि सगळ्यात आधी स्वतःच्याच तोंडून ऐकलं. आजचा शनिवार या एका वाक्याच्या नावानं. चहा घेऊन बसा, जरा लांबण लागणार आहे :)

(एक सूचना आधीच. या लेखात कोडमधले शब्द मी देवनागरीतच लिहिलेत, आकडेसुद्धा. जिथे 'मराठी आकडे' असं मुद्दाम म्हटलेलं नाही, तिथे ते कीबोर्डवरचे नेहमीचे इंग्रजी आकडे समजा.)

तर आधी त्या पोराला मी काय करून दाखवलं ते सांगतो. फॉर्ममध्ये टाईप केलं '१,५०,०००'. दीड लाख, आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम देऊन, जसं आपण चेकवर लिहितो तसं. 'पार्सइंट'नं उत्तर दिलं, एक. दीड लाख नाही, शून्यही नाही. एक रुपया! कारण हे फंक्शन डावीकडून वाचत जातं, आकडा नसलेलं पहिलं अक्षर आलं की थांबतं, आणि तोवर हाताला लागलेलं तुम्हाला देऊन टाकतं. पुढचं का सोडलं, किती सोडलं, चकार शब्द नाही.

पोरगं दोन सेकंद गप्प बसलं. मग म्हणालं, "पण युजर कॉमा कशाला टाकेल?"

इथे माझा आवाज चढला.

माझं म्हणणं साधं आहे. स्ट्रिंगचा आकडा करणं, किंवा स्ट्रिंगचं खरं-खोटं करणं, हा प्रश्न विचारण्याचा प्रकार आहे. 'या अक्षरांत कोणता आकडा लिहिलाय?' याची उत्तरं दोन प्रकारची असू शकतात. एक, अमुक आकडा. दोन, कळलं नाही. जे फंक्शन 'कळलं नाही' म्हणायच्या ऐवजी 'शून्य' म्हणतं, ते खोटं बोलतं. आणि या खोट्याची किंमत ते लिहिणारा कधीच भरत नाही. ती भरतो टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस, ज्याला स्ट्रिंग म्हणजे काय हेही माहीत नसतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. मी स्वतः हे पाप केलंय.

२००९ सालची गोष्ट. मी पुण्यात एका छोट्या कंपनीत होतो. छोटी म्हणजे पाच माणसं आणि चार खुर्च्या. काम आलं होतं पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दूध संघाच्या बिलांचं. ज्यांना दूध पिशवीतूनच येतं असं वाटतं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शेतकरी सकाळ-संध्याकाळ गावच्या संस्थेत दूध घालतो. तिथे लिटर मोजतात, फॅट बघतात, एसएनएफ बघतात. दर ठरतो तो या दोन आकड्यांवर. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हशीच्या दुधाला ६ आणि ९, हा आधार धरून दरपत्रक असतं. फॅट वर गेलं की पॉइंटमागे पैसे वाढतात, खाली आलं की कापले जातात. दहा दिवसांनी बिल. त्या बिलावर पेंड येते, पोरांच्या फिया जातात, सोसायटीचा हप्ता जातो.

गावागावांतली रजिस्टरं हातानं लिहिलेली असायची. ती संघाच्या ऑफिसात येत आणि तिथला क्लार्क ती माझ्या प्रोग्रॅममध्ये भरत असे. पीएचपी आणि मायएसक्यूएल, त्या काळचा ठरलेला जोडा. फॅटचा रकाना मी 'फ्लोटव्हॅल'मधून काढत होतो. जे येईल त्याचा दशांश आकडा करणारं फंक्शन, आणि काही कळलं नाही तर शून्य देणारं. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. शून्य सेफ आहे!

आठ महिने सगळं छान चाललं. मग नेहमीचा क्लार्क बहिणीच्या लग्नाला तीन दिवस रजेवर गेला आणि जागेवर दुसरा पोरगा बसला. नेहमीचा माणूस सभासदांची नावं मराठीत टाईप करायचा आणि आकड्यांसाठी कीबोर्ड इंग्रजीत न्यायचा. नव्यानं हा उलटसुलट उद्योग केला नाही. मराठी टायपिंग चालूच ठेवलं आणि मराठी आकड्यांत फॅट भरलं. स्क्रीनवर स्वच्छ दिसत होतं, '७.१', '६.८', '७.०'. त्याचं काय चुकलं? काहीही नाही. रजिस्टरात जसं होतं तसंच त्यानं भरलं.

माझ्या प्रोग्रॅमनं ते सगळं वाचलं आणि लिहून ठेवलं, शून्य, शून्य, शून्य.

इथेच थांबलं असतं तरी बरं. दरपत्रकात शून्य फॅटची ओळ नव्हती. तेव्हा मी हुशारी करून ठेवली होती की दर सापडला नाही तर सगळ्यात खालचा धर. (क्रॅश नको ना व्हायला!) आणि त्याहून वरची हुशारी म्हणजे, सलग तीन दिवस फॅट ठरावीक पातळीच्या खाली आलं तर सभासदाला आपोआप नोटीस छापायची. ही मागणी संघाचीच होती आणि ती मी मोठ्या उत्साहानं पुरी केली होती.

पुढच्या आठवड्यात मी काही दुसऱ्या कामासाठी संघाच्या ऑफिसात गेलो होतो. तिथे एक म्हातारबाबा आले. धोतर, टोपी, हातात पासबुक आणि माझ्या प्रोग्रॅमनं छापलेली नोटीस. बिल साडेतीनशे रुपयांनी कमी आलं होतं. पण ते पैशाचं बोलतच नव्हते.

"सायेब, फॅट शून्य म्हंजे पानीच की वो. चाळीस वर्सं दूध घालतोय संस्थेला. म्या पानी घातलं व्हय?"

गावात, संस्थेच्या कट्ट्यावर, चार माणसांसमोर त्यांना ती नोटीस दिली गेली होती. अशा बेचाळीस नोटिसा निघाल्या होत्या.

आम्ही आकडे दुरुस्त केले, पुढच्या बिलात फरक दिला, संघानं पत्र काढलं. पण मला आजही जी गोष्ट टोचते ती वेगळी आहे. माझ्या प्रोग्रॅमला तो आकडा वाचता आला नव्हता. एवढंच खरं होतं. 'मला वाचता आलं नाही' हे त्यानं कागदावर उतरवलं ते 'तू दुधात पाणी घालतोस' असं. माझं अज्ञान त्या माणसाचा गुन्हा झालं.

असो. आता जरा भाषांकडे वळतो, कारण हे एकट्या माझ्या गाढवपणाचं नाही. आपल्या हातात दिलेली हत्यारंच अशी आहेत.

सगळ्यांचा मूळपुरुष म्हणजे सी मधला 'एटूआय'. त्याला 'शून्य' असलेली स्ट्रिंग द्या, उत्तर शून्य. 'बटाटा' द्या, उत्तर शून्य. दोन्हींत फरक करायची सोयच नाही. आकडा मावणार नाही एवढा मोठा दिला तर काय होईल याची तर सी चं प्रमाणपत्रकही हमी देत नाही. त्याच सी मध्ये 'स्ट्रटॉल' नावाचा शहाणा भाऊ आहे. तो वाचन कुठे थांबलं ते दाखवतो, आकडा मावला नाही तर तसं कळवतो. पण तो वापरायला तीन ओळी जास्त लागतात, म्हणून पिढ्यान् पिढ्या पोरं 'एटूआय'च शिकली. रूबीतही तेच. 'टूआय' म्हणजे बटाट्याचं शून्य करणारं दार, आणि 'इंटिजर' म्हणजे बटाटा परत पाठवणारं दार. दोन्ही शेजारी शेजारी, आणि गर्दी पहिल्याच दाराशी.

जावास्क्रिप्टचं काय सांगावं! रिकामी स्ट्रिंग 'नंबर'ला द्या, शून्य. नुसत्या चार स्पेस द्या, शून्य. म्हणजे 'वार्षिक उत्पन्न' हा रकाना कुणी भरलाच नाही आणि कुणी त्यात शून्य लिहिलं, या दोन माणसांना एकाच रांगेत उभं केलं. २००९ मध्ये पाचवी आवृत्ती येईपर्यंत 'पार्सइंट'ला '०८' दिलं तर शून्य यायचं, कारण पुढचं शून्य बघून ते अष्टमान पद्धत धरायचं आणि आठ हा आकडा अष्टमानात नसतोच. फॉर्ममध्ये ऑगस्ट आणि सप्टेंबर हे दोन महिने गायब का होतात, यावर त्या काळात किती रात्री गेल्या असतील!

खऱ्या-खोट्याची कहाणी तर याहून वाईट. कॉन्फिगरेशनमध्ये एखादी गोष्ट बंद ठेवायची म्हणून तुम्ही 'नो' लिहिलंत. जावाचं 'पार्सबूलियन' म्हणेल, खोटं. वा! पण आता तिथेच 'येस' लिहा. तरीही खोटं. '१' लिहा. खोटं. कारण 'ट्रू' सोडून जगातलं सगळं त्याच्या मते खोटं आहे. पायथनमध्ये तीच 'नो' स्ट्रिंग 'बूल'मध्ये टाका, उत्तर खरं. 'फॉल्स' ही स्ट्रिंग टाका, तीही खरी! कारण तिथे प्रश्न 'काय लिहिलंय' हा नसून 'काही लिहिलंय का' हा आहे. जावास्क्रिप्टमध्येही तसंच. 'डीबग बरोबर फॉल्स' असं सर्व्हरवर लिहून डीबग चालूच राहिलेला किती जणांनी पाहिलाय? हात वर करा. पीएचपीत '०' खोटं, पण '०.०' खरं. आणि यामलची १.१ आवृत्ती तर न विचारताच मदतीला धावते. देशांच्या कोडांच्या यादीत नॉर्वेचा दोन अक्षरी कोड आला की ती त्याला 'नो' समजून खोटं करून टाकते. अख्खा देश खोटा! २००९ च्या १.२ आवृत्तीनं ही चूक सुधारली, पण पायथनमधली लोकप्रिय यामल लायब्ररी अजूनही १.१ च्याच वळणानं चालते.

एक शब्द, पाच भाषा, पाच अर्थ. आणि यातली एकही भाषा मान खाली घालून 'कळलं नाही हो' म्हणत नाही. गो आणि सी शार्प म्हणतात. त्यांचं बूलियन वाचणारं फंक्शन 'नो' बघून सरळ नकार देतं. मला ही दोन्ही फंक्शनं फार सभ्य वाटतात.

तुम्ही म्हणाल, ही आपली प्रोग्रॅमर लोकांची रडगाणी. बाहेरच्या जगाला काय त्याचं? मग ही एक ऐका. माणसाच्या काही जनुकांची नावं 'मार्च१', 'सेप्ट२' अशी होती. एक्सेलमध्ये टाईप केली की झाली तारीख, १ मार्च, २ सप्टेंबर. कुणी विचारलं नव्हतं, पण एक्सेलला वाटलं. २०१६ मध्ये 'जीनोम बायॉलॉजी'त एक अभ्यास आला. शोधनिबंधांना जोडलेल्या एक्सेल याद्या तपासल्या, तर अशा याद्या असलेल्या निबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत हा घोटाळा सापडला. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं आपले नियम बदलले, 'मार्च१'चं 'मार्चएफ१' झालं, 'सेप्ट२'चं 'सेप्टिन२'. हे रूपांतर बंद करायचा पर्याय एक्सेलमध्ये आला तो त्यानंतर, २०२३ मध्ये. म्हणजे सॉफ्टवेअरनं ऐकलं नाही म्हणून आधी माणसाच्या जनुकांनी नाव बदललं!

आपल्याकडेही बघा. आधारचा आकडा बारा अंकी. साध्या रकान्यात टाकला की एक्सेल त्याचं 'अमुक दशांश काहीतरी ई अधिक अकरा' करून दाखवतं, आणि ती फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की मागचे अंक कायमचे गेले. सोळा अंकी कार्ड नंबरचा शेवटचा अंक शून्य होतो, कारण तिथे पंधराच अंक सांभाळले जातात. खाते क्रमांकाची पुढची शून्यं गळतात, पुण्याचा ०२० हा कोड नुसता वीस होतो. हे सगळं का? कारण कुणीतरी ठरवलं की अंक दिसले म्हणजे संख्या. अहो, फोन नंबर ही संख्या नाही! दोन फोन नंबरांची कधी बेरीज केलीये का? पिनकोडची सरासरी काढलीये? ज्याची बेरीज करण्यात अर्थ नाही ते नाव आहे, अंकांत लिहिलेलं नाव, आणि नावाला नावासारखंच ठेवावं. ट्विटरनंही ही ठेच खाल्ली. ट्वीटचे क्रमांक जावास्क्रिप्टच्या ५३ बिटांच्या मर्यादेपलीकडे जाणार म्हटल्यावर २०१० मध्ये त्यांनी तोच क्रमांक स्ट्रिंग म्हणूनही द्यायला सुरुवात केली.

आता दुसऱ्या बाजूचं ऐकून घेऊ. तिच्याकडे एक दमदार वकील आहे. जॉन पोस्टेल. १९८० मध्ये टीसीपीच्या मसुद्यात त्यांनी तत्त्व मांडलं की स्वतः पाठवताना काटेकोर राहा, दुसऱ्याकडून घेताना उदार राहा. इंटरनेट उभं राहिलं त्यात या तत्त्वाचा वाटा आहेच, ते मी नाकारत नाही. माझ्याशी वाद घालणारे सगळे शेवटी इथेच येतात. "युजरशी उदार राहा रे. काय सारखं एरर एरर!"

पण उदारपणा आणि अंदाज यांत फरक आहे. आपल्या पद्धतीचे स्वल्पविराम समजून घेऊन '१,५०,०००'चे दीड लाख करणं हा उदारपणा. मराठी आकडे ओळखणं हाही उदारपणा. पायथनचं 'इंट' मराठी आकड्यांतलं '१२३' बरोबर वाचतं. जावाचंही वाचतं. (मी २००९ मध्ये यातली एखादी भाषा वापरली असती तर ते म्हातारबाबा त्या दिवशी घरी असते.) पण पहिल्या स्वल्पविरामाशी थांबून एक रुपया हातात ठेवणं, याला उदारपणा म्हणत नाहीत. त्याला फेकणं म्हणतात. आणि पोस्टेलच्या तत्त्वाचे तोटे खुद्द इंटरनेटच्या मंडळींनीही २०२३ मध्ये एका वेगळ्या आरएफसीत सविस्तर मांडलेत. आज तुम्ही कुणाची चूक मुकाट खपवलीत की उद्या ती चूक हाच नियम होतो, आणि मग ती काढता येत नाही.

यापेक्षा आपल्या बँका बघा. चेकवर रक्कम आकड्यांतही लिहायची आणि अक्षरीही. दोन्हींत फरक पडला तर काय? १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये कलम १८ आहे, अक्षरी रक्कम खरी धरावी. म्हणजे नियम आधीच लिहून ठेवलाय, सगळ्यांना माहीत होईल असा. आणि एवढा नियम हाताशी असूनही असा चेक आला की बँक बहुतेक वेळा कारण लिहून परत पाठवते. दीडशे वर्षांपूर्वीचे कारकून 'शून्य सेफ आहे' म्हणत नव्हते. संशयित चेकवर शून्य रुपये देऊन टाकणारी बँक तुम्ही कधी पाहिलीत का?

दुसरा युक्तिवाद म्हणजे सिस्टिम पडायला नको. रात्री तीनला फोन येतो तो मलाच येतो, त्यामुळे या दुःखाशी माझी चांगली ओळख आहे. पण 'कळलं नाही' म्हणणं म्हणजे पडणं नव्हे. हजारातल्या नऊशे साठ ओळी नीट वाचता आल्या तर त्यांची बिलं काढा. उरलेल्या चाळीस एका वेगळ्या यादीत टाका, शेजारी मूळ स्ट्रिंग जशीच्या तशी ठेवा, आणि सकाळी माणसाला दाखवा. माझ्या दूध संघात ही यादी असती तर त्या नव्या पोरानं पहिल्याच संध्याकाळी ती बघितली असती, म्हणाला असता, "आकडे इंग्रजीत लागतात होय!" आणि प्रकरण पाच मिनिटांत मिटलं असतं. चूक लपवल्यामुळे ती सुटत नाही, फक्त तिला मुरायला वेळ मिळतो.

आणि "शून्यच तर आहे, काय बिघडतं" म्हणणाऱ्यांसाठी चौथीतलं गणित. तीन वेळांचं फॅट, सात, सात आणि एक न वाचता आलेलं. डेटाबेसमध्ये त्या जागी 'नल' ठेवलंत तर सरासरी सात. शून्य ठेवलंत तर चार पूर्णांक सदुसष्ट शतांश. 'नल'ला सरासरी काढताना बाजूला बसायचं कळतं. शून्याला कळत नाही, कारण शून्य हा खराखुरा आकडा आहे. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली शून्याचे बेरीज-वजाबाकीचे नियम लिहून त्याला संख्यांच्या पंगतीत पान वाढलं. आणि आपण त्याचे वारस म्हणवणारे त्याला 'मला काय माहीत' याचं टोपणनाव करून बसलो.

मग करायचं काय? मी टीममध्ये सांगतो ते इतकंच. बाहेरून आलेली स्ट्रिंग उंबरठ्यावरच एकदा वाचा आणि आत आकडाच न्या. आत दहा ठिकाणी पुन्हा पुन्हा रूपांतर नको. चालणाऱ्या रूपांची यादी लिहून ठेवा. स्वल्पविराम चालतील का, मराठी आकडे चालतील का, 'हो', 'होय', 'येस' यांतलं काय काय चालेल? यादीत नसेल ते परत. भाषेत नकार देणारं फंक्शन असतंच, तेच वापरा. रस्टचं 'पार्स' आहे, गो मधलं 'एटूआय' आहे (नाव जुनं, संस्कार नवे), सी शार्पचं 'ट्रायपार्स' आहे. नकार आला तर त्याला स्वतःची जागा द्या, शून्याच्या खुर्चीत बसवू नका. मूळ स्ट्रिंग फेकू नका. आणि टेस्ट लिहिताना स्वतःच्या कीबोर्डच्या बाहेर बघा. माझ्या टेस्टमध्ये एकही मराठी आकडा नव्हता. मराठी माणसानं, मराठी दूध संघासाठी, मराठी रजिस्टरावरून लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये! याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

हे किरकोळ काम आहे असं ज्यांना अजूनही वाटतं त्यांना एकच सांगतो. २०११ मध्ये २.२२ आणि पुढे बरेच अंक, गुणिले दहाचा उणे ३०८ वा घात, अशी एक विशिष्ट स्ट्रिंग दिली की पीएचपी (३२ बिटी मशीनवर) आणि जावा आकडा वाचता वाचता कायमचं लटकायचं. जगातले हुशार लोक इथे अडखळलेत. आपणही जरा दबकून चालावं.

त्या पोराचं काय झालं? शुक्रवारी सकाळी मी त्याला खाली टपरीवर नेलं आणि ही दुधाची गोष्ट सांगितली. ऐकून घेतलं त्यानं. मग विचारलं, "त्या आजोबांना तू काय सांगितलंस?"

खरं सांगतो, मी तेव्हा म्हणालो होतो, "बाबा, कॉम्प्युटरची चूक झाली." बाबांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "काम्पुटर कुणी लिवला?"

मी काही बोललो नाही. उत्तर माहीत होतं, पण दिलं नाही.

दुपारी पोरानं ती ओळ बदलली. सोमवारी ऑफिसात गेलात की तुम्हीही आपल्या कोडमध्ये एकदा शोधून बघा, 'नाहीतर शून्य' किती ठिकाणी लिहिलंय. प्रत्येक ठिकाणी थांबून स्वतःला विचारा की हे शून्य शेवटी कुणाच्या पासबुकात जाऊन बसणार आहे.

चला, चहा गार झाला. पुढच्या शनिवारी भेटू.